परस्त्रीपासून दूर राहा
परवा ग्रिलला रंग द्यायला घेतला आणि टर्पेंटाइनच्या वासाने अंबरनाथची ती भिंत आठवली. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. माझा मित्र पेंटर होता. मित्र म्हणजे, आमचं एकमेकांवर प्रेम होतं, पण जगाला आम्ही मित्र म्हणूनच सांगायचो. एका दुपारी दवाखान्याच्या भिंतीवर तो लाल रंगात लिहीत होता, 'परस्त्रीपासून दूर राहा, एड्स टाळा.' मी खाली शिडी धरून उभा होतो, मनगटावर रंगाचे थेंब पडत होते. मी हळूच विचारलं, "आपल्याला काय धोका नाय ना?" तो वरूनच हसला. "येड्या, वाच की. आपल्यात बाई कुठाय?" मी म्हटलं, "तरी निरोध वापरूया का?" "कशाला? पोरं होणारेत आपल्याला?" मलाही ते पटलं. काही वर्षांनी तो खंगत खंगत गेला. घरच्यांनी टीबी सांगितला, मी मान हलवली. पुढे माझीही तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, पुरुषा-पुरुषांतही लागण होते, निरोध वापरायलाच हवा होता. तेव्हाही मी मान हलवली. आता रोज जेवल्यावर गोळी घेतो. ती भिंत बरीच वर्षं तशीच होती. एक अक्षर उडालं नाही. त्याचं काम पक्कं असायचं.