तोंडानं सांग

माने बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही बाई खादाड असणार.

मी साताऱ्याहून आष्ट्याच्या शाळेत मराठी शिकवायला नुकतीच आले होते. तास मोकळा होता म्हणून व्हरांड्यात उभी राहिले. आठवीची मुलं मैदानाच्या कडेनं झपाझप चालत होती आणि पी.टी.च्या माने बाई एकेकाला गाठून, त्याच्याच चालीनं शेजारी चालत विचारत होत्या, "सकाळी काय खाल्लंस? समदं सांग." पोरगं सांगायचं, "चपाती, वांग्याची भाजी आन् ताक, बाई." की बाई पुढच्याला गाठायच्या. प्रश्न तोच.

"पोरांच्या जेवणाशी तुम्हाला काय करायचंय हो?" मी न राहवून विचारलं.

"जेवणाशी न्हाई, बाई, दमाशी," त्या म्हणाल्या. चालता चालता सबंध वाक्य बोलता आलं तर चाल बेताची, अंगाला लागणारी. गाणं म्हणता येत असेल तर पोरगं रेंगाळतंय, त्याला पुढं हाकायचं. आणि शब्द तुटक यायला लागले की मुकाट्यानं खाली बसवायचं. "माज्या तासाला तोंड बंद ठिवायचं न्हाई. ती शिस्त तुमच्या वर्गात." माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते याचा मला अभिमान होता, तो त्यांनी पहिल्याच भेटीत ओळखला.

एक गोष्ट मात्र त्यांना खपत नसे. एखाद्यानं नुसती मान हलवली किंवा अंगठा दाखवला, की तिथंच उभं करायच्या. "हात नको. तोंडानं सांग." आमच्या चहाच्या वेळीसुद्धा तेच. "चहा घेणार का?" म्हटल्यावर मी एकदा मान डोलावली, तर त्या किटली हातात धरून माझ्या 'हो'ची वाट बघत राहिल्या. विक्षिप्तच बाई, असं मी घरी सांगायची.

मग सांगलीच्या एका कॉलेजातून मुलांच्या हालचाली मोजायला मनगटाचे पट्टे आले. मूल किती चाललं, किती जोरात चाललं, सगळं संगणकावर दिसणार होतं. माने बाईंनी हौसेनं ते बांधले. एका पोराचा आकडा बघून कॉलेजची माणसं चाटच पडली, सकाळभर उधळत होता म्हणे. चौकशी केली तर त्यानं पट्टा वासराच्या पायाला बांधलेला! बाई डोळे पुसत हसल्या. "आता वासराला इचारा, सकाळी काय खाल्लंस." पट्ट्यांचा त्यांना राग नव्हता, खोटं कशाला बोलू. एवढंच म्हणाल्या, "पट्टा पाय मोजतोय, ब्येस हाय. पर पोराला काय हुतंय ते पोरालाच इचारावं लागतंय."

खेळाच्या सामानाच्या कपाटात एक जुनं स्टॉपवॉच होतं. ते कधी बाहेर निघत नसे. का, असं मी एकदा सहज विचारलं. बाई खाली बसल्या आणि चेंडूंची जाळी मांडीवर घेऊन सांगायला लागल्या.

त्यांचं माहेर कडेगावजवळ. धाकटा भाऊ सुनील सैन्यभरतीची तयारी करत होता. बाईंचं पी.टी.चं शिक्षण नुकतंच झालेलं, ते घड्याळ तेव्हा नवं कोरं. तो पळायचा, या सायकलवरून शेजारनं वेळ घ्यायच्या.

"त्या दिवशी मी इचारलं, सुन्या, बरं हाय न्हवं रं? त्यानं आसा अंगठा दाखवला. मला बरं वाटलं. मी पुना घड्याळात बघाय लागले. लय चांगला वेळ येत हुता, बाई, त्याचा."

पुढच्या वळणावर तो पडला, तो उठलाच नाही. काळजात जन्मापासूनच काही दोष होता, ते नंतर कळलं.

"त्याला बोलताच येत न्हवतं, म्हणून हात केला त्यानं. मी म्हनायला पायजे हुतं, सुन्या, तोंडानं सांग."

त्यानंतर त्यांना विक्षिप्त म्हणण्याची माझी टाप झाली नाही.

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली. मैदानावर नेहमीसारखी चाल सुरू होती. आठवीतली सानिका तिखट जिभेची पोर. बाई तिच्या शेजारून चालत होत्या, पण 'सकाळी' आणि 'काय' यांच्यामध्येच त्यांना श्वास घ्यावा लागला. सानिका थांबली. "बाई, तुमीच एकेक शब्द बोलताय. खाली बसा."

आता ही पोर मार खाते, असं मला वाटलं. बाईंनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं आणि पायरीवर बसल्या. "बरोबर हाय तिचं," म्हणाल्या. पुढं तपासणीत कळलं, बाईंची फुप्फुसं कडक होत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं, यावर इलाज नाही.

सांगलीच्या दवाखान्यात मी शेवटची भेटले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे तेवढे तेच. जो प्रश्न आजाऱ्याला विचारू नये तोच मी विचारला, "बरं वाटतंय ना, बाई?" चादरीवरून त्यांचा हात उचलला गेला. अंगठा वर यायला लागला होता. मग त्यांनीच तो हात खाली ठेवला, मास्क बाजूला ओढला आणि म्हणाल्या, "बरं... न्हाई... बाई."

त्याच आठवड्यात त्या गेल्या. माझी आष्ट्यातली एकुलती एक मैत्रीण गेली.

नवीन शिक्षक येईपर्यंत पी.टी.चा तास माझ्याकडं आला. मुलं मैदानाच्या कडेनं चालत होती आणि कुणीही बोलत नव्हतं. माझ्या वर्गातली ती शांतता मला तिथं सोसवेना. मी सानिकाला गाठलं, शेजारून चालायला लागले. प्रश्न ओठावर आला, पण बाहेर पडेना.

थोडं चालल्यावर तीच म्हणाली, "भाकरी, मेथीची भाजी आन् शेंगदाण्याची चटणी." मग माझ्याकडं वळून, "तुमाला बरं हाय न्हवं, बाई?"

मी हात वर केला. चल पुढं, अशी खूण केली.

"हात नको, बाई. तोंडानं सांगा."

"बरं नाही गं मला," मी म्हणाले.

तिनं पाय आवरते घेतले आणि माझ्या चालीनं चालायला लागली.