आकडे कोण ताडून पाहतं? पेठे सरांच्या साठीनिमित्त

पेठे सरांची पहिली भेट पडद्यावर झाली. टाळेबंदी चालू होती. नवऱ्याच्या व्हिसावर नेदरलँड्समध्ये हूफडॉर्पला येऊन मला चार वर्षं झाली होती. मराठीतली एम.ए. आणि नेटवर्किंगचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम, एवढंच माझ्याजवळ होतं. नेटवर्क सांभाळणाऱ्या कंपनीतल्या मुलाखतीत आमचे डच व्यवस्थापक योस्ट अनुभवाविषयी विचारत होते. सरांनी विचारलं, "अनोळखी मजकूर हाती आला की आधी काय पाहता?"

"कोण बोलतंय ते."

"रूटरची फाइलही तशीच वाचायची," ते म्हणाले. सहा महिन्यांच्या करारावर मला नोकरी मिळाली.

सुधाकर पेठे यांना आपण सारे नेटवर्कचे जाणकार म्हणून ओळखतो. मला ते आधी आठवतात ते त्यांच्या प्रश्नांमुळे. आमचं सगळं घर कोविडने आजारी पडलं, तेव्हा ते आणि त्यांच्या पत्नी नीलाताई सायकलींवरून खिचडीचा डबा घेऊन आले. डबा दाराशी ठेवून दोघं लांब उभे राहिले.

"वास परत आला का?" सरांनी विचारलं.

"थोडा."

"सगळ्यात आधी कशाचा?"

"हिंगाचा."

"हिंग! हिला आधी कॉफीचा आला होता. असं का होत असेल?"

"अहो, त्यांना जेवू द्या आधी," नीलाताई म्हणाल्या.

करार संपायला आठवडा उरला असताना माझी चूक झाली. रायस्वाइक आणि आइंडहोवनचे दोन दवाखाने एकत्र आले होते आणि त्यांची नेटवर्क जोडण्याचं काम माझ्याकडे होतं. रूटर, म्हणजे नेटवर्कवरची वाहतूक पुढे धाडणारी यंत्रं, आपसांत जवळची वाट शोधतात, त्या पद्धतीला ओएसपीएफ म्हणतात. इथे प्रत्येक रूटरवर तिची दोन स्वतंत्र इन्स्टन्स, म्हणजे एकमेकांपासून अलग प्रती, चालू होती, प्रत्येक दवाखान्याचं एक. प्रत्येक वाटेला एक आकडा असतो, तिची कॉस्ट. कमी कॉस्टची वाट निवडली जाते. जुन्या वाटेची कॉस्ट चाळीस होती. दुसऱ्या इन्स्टन्समधल्या नव्या, वेगवान वाटेची मी दहा केली. डॉक्टर घरून व्हिडिओवर रुग्णांशी बोलत होते. सोमवारपासून अडथळा येणार नाही, असं मी लिहून दिलं.

सोमवारी सकाळी रुग्णांचे चेहरे पडद्यावर गोठू लागले. वाहतूक जुन्याच वाटेने चालली होती. मी दहाचे पाच केले, पाचाचा एक. काही हललं नाही. सरांना फोन केला.

"एकवर आलात? आता खाली जागा उरली नाही."

"सर, माझी नोकरी जाईल."

"ते नंतर पाहू. हा एक आणि तो चाळीस, यांची तुलना कोण करतं?"

"रूटर."

"नक्की? फाइलीत दाखवा."

मला दाखवता आलं नाही. प्रत्येक इन्स्टन्स फक्त स्वतःच्याच वाटा ताडून पाहतं. दुसऱ्याचे आकडे त्याच्या लेखी नसतातच. दोघांनी एकाच ठिकाणाची वाट सुचवली, तर कोणाचं ऐकायचं हे प्राधान्याचा वेगळा आकडा ठरवतो. तो दोन्हीकडे सारखा होता, म्हणून आमच्या रूटरांनी आधी आलेली वाट धरून ठेवली होती.

मला तो लगेच बदलायचा होता. सरांनी थांबवलं. "आधी कॉस्ट पूर्वीसारखी करा. मग प्राधान्य. आणि बटण दाबण्यापूर्वी काय होईल ते एका ओळीत लिहा." ही त्यांची नेहमीची शिस्त. मी लिहिलं, मग एकेका रूटरवर बदल केला. चेहरे हलू लागले.

दुपारी योस्टनी विचारलं, हे कोणी केलं?

"बदल यांनी केला," सर म्हणाले. "आराखडा मी वाचून मंजूर केला होता. चूक मलाही दिसली नाही." आणि त्यांनी आपली वही कॅमेऱ्यासमोर धरली. आदल्या शुक्रवारच्या पानावर त्यांच्या अक्षरात होतं: 'वाहतूक नव्या वाटेने जाईल.' खाली लाल शाईत: 'गेली नाही. का?' योस्टना मराठी वाचता येत नव्हतं. सरांनी दोन्ही ओळींचा अर्थ सांगितला.

गुरुवारी माझा कायमचा करार आला. मी सरांना कळवलं.

"छान झालं," ते म्हणाले. "पण दोघांचं प्राधान्य सारखं असताना जुनीच वाट आधी का आली असेल?"

सरांना उत्तम प्रकृती आणि पुष्कळ वर्षं लाभोत, आणि त्यातल्या प्रत्येक सकाळी न उलगडलेलं काहीतरी त्यांची वाट पाहत असो.