फोन वाजतो, बोलत कोणी नाही

१९७८, दिवाळीच्या आधीचा आठवडा, सकाळ. हजर: पोलादपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर म्हणजे मी, आमचा लाइनमन आणि आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या एका गावातला दुकानदार. न बोलावता आलेली: एक म्हातारी, दुकानाच्या पायरीवर.

तक्रार दुकानदाराची. गावातला एकुलता एक फोन त्याच्याकडे. रोज सकाळी तो वाजे, उचलला की पलीकडे कोणी नाही.

"भूत हाय बाई तुमच्या तारंत. निदान बिल तरी लावा त्याला."

"भूत कशाला? माझा पोर आसंल," म्हातारी म्हणाली. "भांडून मुंबयला गेला ना, बोलायला लाजतोय."

त्या घंटीसाठी ती रोज गुरं शेजारणीवर टाकून यायची. दुकानदार रिसीव्हर तिच्या कानाला लावायचा आणि ती खरखरीलाच विचारायची, "जेवलास का रे?"

फोन बदलून झाला होता, बॅटरी तपासून झाली होती. मग माझ्या लक्षात आलं, की महाबळेश्वरची लाइन तपासायला आम्ही सकाळी घंटी देतो, तेव्हाच हा फोन वाजतो. दोन्ही तारा एकाच खांबांवरून जातात. म्हणजे घंटी आमचीच होती. ती इकडे कुठे उतरत होती, एवढंच शोधायचं होतं.

खांब धरून चालत गेलो. वळणापलीकडे पिकलेलं भात, आणि राखणीच्या माळ्यावरून आलेली काथ्याची दोरी थेट आमच्या तारांवरून पलीकडे टाकलेली. टोकाला पत्र्याचे डबे. माळ्यावरून ओढलं की डबे वाजणार, रानडुकरं पळणार. सकाळी दवाने भिजलेली दोरी एका तारेतली घंटी दुसरीत सोडत होती; ऊन चढलं की सुकायची.

"शेत कोणाचं?" लाइनमनने विचारलं.

दुकानदार बांधाकडे बघायला लागला. "डुकरं लय झालीत हो."

"मग बिल कोणाला लावू?" मी म्हणाले.

दोरी उतरवली. दुकानातून मी पोलादपूरच्या जोडीदारणीला महाबळेश्वरला घंटी द्यायला सांगितलं आणि रिसीव्हर ठेवला. फोन गप्प राहिला. लाइनमन हसला. मला हसू येईना.

आजीला सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"म्हंजे तो नव्हताच?"

"नाही, आजी."

तिने फोन माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "तर आता त्याला लावून दे गो. तार तुझ्याच हातात हाय ना?"

नंबर नव्हता. शिवडीला, रंगाच्या कारखान्यात, एवढंच तिला ठाऊक. नाव सांगून मी मुंबईच्या चौकशीला विचारलं, मिळतील ते कारखाने लावले. तो कुठेच नव्हता. दुकानदार सांगायचा, म्हातारी अजून सकाळची येऊन बसते, फोन वाजत नाही तरी.

पुढे माझी महाडला बदली झाली. कामांची यादी दरवर्षी नव्याने उतरवते, झालेलं खोडते. त्यात शिवडीतल्या काही कारखान्यांत विचारायचं अजून बाकी आहे.