चेक वडिलांनी नेला

माझा स्वभाव मुळातच संशयी. एसटीत शेजारी बसलेलं कुणी फार गोड बोलायला लागलं, की मी पर्स मांडीवर घेते. त्यामुळे सांगलीच्या कॉलेजात प्रवेश घेताना सगळी फी आधी भरून घेतली आणि “शिष्यवृत्ती आली की परत मिळेल” असं सांगितलं, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती.

नियम तसा सरळ होता. आमची फी सरकार देणार, आणि ती आम्ही आधीच भरलेली असेल तर कॉलेजने आम्हाला परत करायची. शेवटच्या वर्षी मोबाइलवर मेसेज आला, की माझी रक्कम कॉलेजकडे जमा झाली आहे. पुढे एमएस्सीला जायचं तर ती मला हवीच होती. फीच्या खिडकीवर मी सात-आठ खेपा घातल्या. आतले क्लार्क पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेले, आवाजाने मऊ. कधी साहेब रजेवर, कधी ऑडिट, कधी सर्व्हर डाऊन. इतक्या मऊपणाने कुणी टोलवलं की मला दुप्पट राग येतो.

मग एका सोमवारी त्यांनी माझा फॉर्म काढला, नाव वाचलं आणि म्हणाले, “तुमचा चेक तर गेला की. वडिलांनी नेला.” माझं मधलं नाव, म्हणजे आबांचं, त्यांनी ठासून वाचलं. “घरी विचारा.”

मी घरी विचारलं नाही. आमच्याकडे मुलगी बापाला पैशांचं विचारत नाही. तशी कुणी बंदी घातलेली नाही, पण आजवर कुणी विचारलेलं मी पाहिलंही नव्हतं.

आबा तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याचा टेम्पो चालवतात. आठवड्यातून दोनदा बेदाण्याचे बॉक्स घेऊन सांगलीला जातात आणि त्यांचा रस्ता आमच्या कॉलेजवरूनच जातो. त्यातच त्या महिन्यात आमच्या दारात एक जुनी मोटरसायकल येऊन उभी राहिली होती. संशयाला एवढं पुष्कळ झालं. खुंटीवरच्या त्यांच्या शर्टाचे खिसे मी चाचपले. डिझेलच्या पावत्या आणि तंबाखूची पुडी, दुसरं काही नाही. काही सापडलं नाही म्हणून संशय कमी व्हावा की नाही? माझा वाढला. माणूस हुशारीने लपवतोय, असं वाटायला लागलं.

“स्टँडवर सोडतो, बस मागं,” असं ते सकाळी म्हणायचे. मी म्हणायची, “नगं, चालत जाते.” एकदा जेवताना न राहवून विचारलंच, “गाडी केवढ्याला पडली, आबा?”

“तुला काय करायचंय? लय गुणाची हाय,” ते हसून म्हणाले.

त्या हसण्याचाही मी वाईटच अर्थ काढला. खरं सांगते, त्या दिवसांत मला त्यांचा तिटकारा आला होता. आणि जगावर संशय घेणारी मी, त्या क्लार्कच्या एका वाक्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवून बसले होते.

असे दोन महिने गेले. मग एका दुपारी सांगली स्टँडवर माझ्या वर्गातली एक मुलगी धपकन माझ्या शेजारी येऊन बसली. तिचेही पैसे अडकले होते. हसत होती की रडत होती, कळेना.

“माझा पण चेक नेला म्हणे,” ती म्हणाली.

“कुणी?”

“वडिलांनी.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिचे वडील ती चौथीत असताना वारले, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. पण वडील असोत की नसोत, आपल्याकडे मुलीच्या नावात मधोमध त्यांचंच नाव. क्लार्कने ते वाचलं आणि ठरलेलं वाक्य म्हणून टाकलं.

“मी म्हटलं, सर, कुठं भेटले तुमाला? मला पण भेटायचंय वो त्यांना,” ती म्हणाली. त्यानंतर ती खरंच रडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाकीच्यांना विचारलं. आणखी पाच जणींना हेच उत्तर मिळालं होतं आणि एकीनेही घरी विचारलं नव्हतं. मुलांना मात्र कुणालाच असं सांगितलं नव्हतं. मुलाने तिथेच खिडकीत उभं राहून बापाला फोन लावला असता. आम्ही सातजणींनी प्राचार्यांना लेखी अर्ज दिला आणि चेकचं रजिस्टर दाखवा म्हणालो. रक्कम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यावरच जमा करायची, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही, हा नियमही अर्जात लिहिला. तो मी पहिल्या वर्षीच वाचला होता. आठ दिवसांत सगळ्यांच्या खात्यावर पैसे आले. “नजरचुकीने राहिलं,” प्राचार्य म्हणाले. क्लार्कना लायब्ररीत बसवलं. मधले महिने ते पैसे कुठे होते, हे कुणी सांगितलं नाही. नजरचुकीवर माझा आजही विश्वास नाही.

पैसे आले त्या संध्याकाळी मी घरी सगळं रंगवून सांगितलं. आई खूश झाली. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी दोन म्हैनं तुला वाटत हुतं, मी नेलं?”

मी दारातल्या मोटरसायकलकडे बघितलं.

“गाडी शेटनं दिली, पगारवाढीच्या बदल्यात. इचारायचं तरी हुतंस की गं.”

“भ्या वाटलं.”

“माझं? मी कवा हात तरी उगारलाय का तुज्यावर?”

“तुमचं न्हाई, आबा. तुमी व्हय म्हणाला असता तर, त्याचं.”

त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला. मग म्हणाले, “उद्या जाऊन फी भरून टाक,” आणि बाहेर गेले.

मी एमएस्सीला प्रवेश घेतला. आबा माझ्याशी पहिल्यासारखंच बोलतात. पण हल्ली सांगलीहून आले, की मी न विचारता कुठे कुठे थांबले ते सांगतात. कॉलेजवरून आले असतील तर तेही सांगतात, आणि वर म्हणतात, “आत गेलो न्हाई.”