करून पाहिलेलं पुस्तक

सन एकोणऐंशीपर्यंत प्रभावती हिवाळे यांच्या नावावर तीस पुस्तकं होती. खरं म्हणजे एकतीस, पण पहिल्यावर त्यांचं नावच छापलेलं नव्हतं. कंदील, विहीर, मधमाशी, रेल्वेचा सिग्नल, दुधाचं दही! सोळा-सोळा पानांची ती पुस्तकं, त्यांत ना राजा ना राक्षस. बाई राहायच्या जालन्यात आणि बदनापूरच्या शाळेत चौथीला शिकवायच्या. लिहायच्या गाडीत, मांडीवर वही ठेवून. रूळ बदलताना अक्षर उडायचं, तरी हात थांबायचा नाही.

पण नाव का नव्हतं? त्यासाठी चौऱ्याहत्तर सालच्या एका शुक्रवारकडे जावं लागेल.

त्याआधी महिनाभर शाळेत एक विस्तार अधिकारी येऊन गेले होते. बाईंनी त्यांच्यापुढे वही ठेवली : ‘सायकलची ओळख’.

“माहिती?” साहेब हसले. “बाई, माहिती पोरं परीक्षेपुरती पाठ करतात. हौसेनं कोण वाचतं?”

“वाचतील, साहेब.”

“असं? मग पुढच्या महिन्यात शनिवारी केंद्रातल्या शाळांची सभा आहे, तिथं छापलेलं पुस्तक पोरांपुढं ठेवा. वाचलं, तर चाळीस शाळांत पाठवतो. नाही वाचलं, तर हा विषय माझ्याकडं पुन्हा आणायचा नाही. कबूल?”

“कबूल!” बाई म्हणाल्या.

तर तो शुक्रवार, सभेचा आदला दिवस. जुन्या जालन्यात धर्मराजच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून तयार होते. चार वाजता मशीन सुरू होणार होतं, कारण उद्यापासून लग्नपत्रिकांची रांग. बाई कच्ची छपाई घेऊन सरळ पाशामियाँच्या सायकलच्या दुकानात शिरल्या. म्हाताऱ्याला उर्दू वाचता यायचं, मराठी नाही.

“चाचा, हे शेवटचं, पंक्चरचं पान ऐका. काही चुकलंय का सांगा.”

“ऐकून काय समजतंय, बाई? तुमी वाचा, मी करतो. पन जे लिवलं तेवढंच करीन. बिलकुल तेवढंच!”

त्यांनी एक बसलेलं चाक पुढे ओढलं. बाई वाचू लागल्या, “ट्यूब बाहेर काढा.”

पाशामियाँनी टायर न सोडवताच ट्यूब उपसायला सुरुवात केली. चाक गरागरा फिरलं, चाचाही अर्धे फिरले.

“अहो, आधी टायर सोडवा ना!”

“कुठं लिवलंय?”

बाईंनी पेन्सिल काढली. दोन शब्द खोडले, दोन घातले. “आता ट्यूब पाण्यात धरा, बुडबुडे दिसतील.”

चाचांनी रिकामी ट्यूब घमेल्यात घातली आणि डोळे मिटून बसले. मिनिट गेलं.

“चाचा!”

“बुडबुड्याची वाट पाहून राह्यलो.”

“हवा भरल्याशिवाय कसे येतील?”

“तेच तर मी म्हनतो. हवा भरा म्हनून कुठं लिवलंय?”

समोरचा कापडवाला गिऱ्हाईक सोडून बघायला आला. पुन्हा पेन्सिल. मग भोक सापडलं, कानस फिरली, सोल्युशन लागलं, रबराचा तुकडा बसला. ट्यूब आत, टायर वर, पंप सुरू. चाक ठणठणीत! बाईंनी टाळी वाजवली.

“थांबा,” पाशामियाँ म्हणाले, “बसून दाखवतो.” गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि चालत परत आले. चाक सपाट.

बाईंचा चेहरा उतरला. “असं कसं झालं?”

पाशामियाँनी टायर उलटा केला, आतून अंगठा फिरवला आणि बाभळीचा काटा बाईंच्या तळहातावर ठेवला. “ह्यो आतच होता. मला म्हाईत होतं. पन काटा काढा म्हनून कुठं लिवलंय?”

बाई काटा मुठीत घेऊन धावल्या. चाराला दहा कमी!

“धर्मराजभाऊ, थांबा! दोन ओळी वाढवायच्यात!”

“पान भरलंय, बाई. एक खिळा घुसायची जागा न्हाई.”

“काहीतरी काढा!”

“काय काढू? सगळं तर कामाचं हाय.” धर्मराजनं पानाच्या तळाशी बोट ठेवलं. “हितं तेवढ्या दोन ओळी हायेत. तुमचं नाव आन् तुमची शाळा.”

वर्षभर बाईंनी ते नाव वहीच्या मागच्या पानावर कितीदा लिहून पाहिलं होतं! मुखपृष्ठावर फक्त सायकलचा ठसा होता. नाव येणार होतं ते इथेच. त्यांनी मूठ उघडली, काट्याकडे पाहिलं.

“काढा.”

शनिवारी साहेबांनी पुस्तक उलटसुलट केलं. “लेखकाचं नाव नाही? मग ह्याला पुस्तक कसं म्हणायचं?” आणि मुद्दाम म्हणाले, “हेडमास्तरांची सायकल आजच पंक्चर झालीय ना? आणा इकडं. ए मुली, कर बरं हे वाचून.”

चौथीतली ती शिवकन्या जन्मात सायकलवर बसली नव्हती. तिनं पुस्तक जमिनीवर उघडं ठेवलं, एक ओळ वाचायची, एक काम करायची. पोरं भोवती दाटली. “आता हवा भर!” “आगं, बुडबुडा! तो बघ!” अर्धी पोरं पुढची ओळ तिच्याआधीच वाचत होती. शेवटी तिनं टायरच्या आतून हळूच बोट फिरवलं, आणि किंचाळली, “सापडला!”

इवलासा काटा. तिनं तो साहेबांच्या नाकासमोर धरला.

“पोरांनो, पुस्तकावर नाव नाही, मग हे लिहिलं कुणी?” साहेबांचा आवाज बदलला होता.

“आमच्या बाईनं!” चाळीस तोंडं एकदम.

पुस्तक चाळीस शाळांत गेलं. दुसऱ्या छपाईला धर्मराजनं हुशारीनं दोन ओळींची जागा सोडली होती. “आता टाका तुमचं नाव.” बाईंनी टाकलं भलतंच : ‘हे पुस्तक जालन्याच्या पाशामियाँ यांनी करून पाहिलं आहे.’ पुढं प्रत्येक पुस्तकाला असा एक करून पाहणारा मिळत गेला. बाईंचं नाव दुसऱ्या पुस्तकापासून आलं, तेही त्याच्याखाली.

ती ओळ बाईंनी दुकानात वाचून दाखवली, तेव्हा चाचांनी कापडवाल्याला हाक मारून पुन्हा वाचायला लावली.

“आता फुडचं कशावर, बाई?”

“विहिरीवर!”

“मंग मला नका बोलावू,” पाशामियाँ पंप उचलत म्हणाले. “वर या म्हनून तुमी लिवायच्या न्हाईत!”