मायचं वाक्य, खुणांसकट

ब्रह्मपुरीच्या स्टँडवर बस हलली तेव्हा बा खिडकीशेजारून चालत चालत एवढंच म्हणाला, "तिकडे सांभारून बोलजो बाई. लोकं हासतीन." माय पाण्याची बाटली भरायला गेली होती. बस निघाली, बाटली तिच्या हातातच राहिली.

लोक हसलेच. पुण्यात हॉस्टेलवर पहिल्या दिवशी मी "जेवून येतो" म्हटलं, तर खोलीतली मुलगी म्हणाली, "येतोस का? इथं मुलांना परवानगी नाही." आमच्याकडे बायासुद्धा येतो-जातोच म्हणतात, हे मी तिला सांगितलं नाही. न्हाणीघरात नळ सोडून मी बाळ, केळं, लोणी, पाणी असे शब्द घोटले. आमच्या बोलीत ळ नाही, ण नाही. दोन वर्षांनी मी कुठली ते कुणाला ओळखू येईना. त्याचा मला अभिमान वाटायचा. आता लपवून काय उपयोग?

आज मी धायरीला राहते आणि कसबा पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात टायपिंग करते. उच्चारांची चिन्हं टाइप करता येणारी दुकानात मी एकटीच. वर्डमध्ये 0273 लिहून ऑल्ट आणि एक्स दाबलं की ण उमटतो, शेपटी वळलेल्या एनसारखा. 026D लिहिलं की ळ. नाकातल्या स्वरावर लाटेसारखी रेघ, दीर्घ स्वरापुढे दोन बारीक त्रिकोण. फॉन्ट चुकला की सगळ्याचे रिकामे चौकोन होतात.

गेल्या वर्षी भाषाशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका दुकानात आल्या. आमच्या भागातल्या बोलीवर त्या पुस्तक लिहीत होत्या. माझं गाव कळल्यावर म्हणाल्या, "अहो, तुमच्या बोलण्यावरून अजिबात वाटत नाही." मी खुशीत थँक्यू म्हटलं. घरचा पत्ता मीच दिला. बाई दोन दिवस आमच्याकडे राहिल्या, मायच्या हातचं जेवल्या, तिचं बोलणं रेकॉर्ड करून घेऊन आल्या. त्या मलाही चला म्हणत होत्या. मी कामाचं कारण सांगितलं.

चार महिन्यांनी हस्तलिखित माझ्यापुढे आलं. निवेदक क्रमांक सात, स्त्री, वय बासष्ट, निरक्षर. माय चौथी शिकलेली आहे, असं मी बाईंना कळवलं. त्यांनी लगेच दुरुस्ती केली, आभारही मानले. पुढे शब्दांच्या याद्या होत्या. डोळा आणि डोरा, काळा आणि कारा, पाणी आणि पानी. मायच्या रकान्यात ण आणि ळ यांचे ते दोन कोड एकदाही लागले नाहीत.

मग वाक्यं सुरू झाली. एकेचाळिसावं असं होतं:

"माई पोरगी पुन्याले गेली. आता फोनवर बोलते त मले भेव वाट्टे. मी काई बोललो त तिले लाज येईन. म्हनून मी हो-हो म्हन्तो."

कित्येक वर्षं माय फोनवर फक्त "हो, हो" म्हणून फोन ठेवायची. मला वाटायचं, तिला ऐकू कमी येतं. मी तिला कानाचं यंत्र घेऊन दिलं होतं. ती ते लावायचीही.

ते वाक्य काढता येईल का, असं मी बाईंना विचारलं. कारण सांगितलं नाही.

"अहो, असं वाक्य मागून मिळत नाही," त्या म्हणाल्या. "बाईमाणसानं वापरलेलं पुल्लिंगी क्रियापद आहे, भविष्यकाळ आहे. आणि नाव कुठं छापतोय आपण?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. मी वाक्य टाइप केलं. प्रूफ वाचताना दिसलं, 'लाज'मधल्या आ-ची दीर्घाची खूण राहून गेली होती. ती मीच लावली.

त्या रविवारी मी घरी फोन केला. इतक्या वर्षांनी ते शब्द तोंडात नीट बसेनात, तरी म्हटलं, "माय, मी बोलतो. जेवली का व?"

पलीकडून माय एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "हो. माझं जेवण झालं. तू बरी आहेस ना?"

जेवण. ण अगदी स्वच्छ. टीव्हीवरच्या मालिका ऐकून ती शिकली असावी, माझ्याशी बोलता यावं म्हणून. मी पुन्हा आपल्या बोलीत काहीतरी विचारलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मस्करी नको करू गं," आणि फोन ठेवला. मी परत लावला नाही.

तुम्ही जे तिकडेच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हाला घर कुठं म्हणून विचारलं तर गावाचं नाव तरी सांगता येईल. जिथं मी येतो-जातो म्हणायची, ते घर आता बाईंच्या पुस्तकात आहे, दोन पानांत, शेपट्या आणि त्रिकोणांसकट. ते मला वाचता येतं. मायला येणार नाही.