छापील हिमोग्लोबिन

प्रयोगशाळेत तीस वर्षे काढलेल्या बाईजवळ किस्से साठतात ते कौतुकाचे नव्हेत, रागाचे. कौतुकाची गोष्ट माणूस सांगून मोकळा होतो. रागाची घडी घालून ठेवतो.

मी जुनी मॅट्रिक. कोल्हापुरातल्या आमच्या रुग्णालयात मी नळीतल्या रक्ताचा रंग डोळ्यांनी ताडून हिमोग्लोबिन सांगत असे. ऐंशी सालानंतर यंत्र आले. ते रक्ताचा थेंब ओढते, द्रावणाने तांबड्या पेशी फोडते, त्या रंगातून प्रकाश सोडते आणि किती प्रकाश अडला यावरून आकडा छापते. काम चोख. माझी तक्रार यंत्राविषयी नाही. छापलेले तेवढे खरे मानणाऱ्यांविषयी आहे. रोग्याला रक्ताची बाटली मिळणार की घरचा रस्ता, हे त्याच आकड्यावर ठरत असे.

*

पहिल्याच खंडेनवमीला आमचे मदतनीस दत्तोबा यांनी यंत्राची पूजा केली. हारापर्यंत माझी हरकत नव्हती. पण "आतल्या देवाला नगं व्हय?" असे म्हणत त्यांनी झाकण उघडले आणि प्रकाश जातो त्या काचेलाच कुंकू लावले!

सकाळी नुसते द्रावण घालून यंत्र शून्यावर आणायचे, हा नियम सणाच्या गडबडीत कोणी पाळला नाही. दुपारपर्यंत प्रत्येकाचे हिमोग्लोबिन सतराच्या वर.

वॉर्डाचे डॉक्टर प्रसन्न होऊन म्हणाले, "बाई, सणासुदीचं खाणं असतं."

"पुरणपोळी एका दुपारीत रक्तात उतरत नाही," मी म्हटले आणि सगळे रिपोर्ट फाडले.

*

याच डॉक्टरांनी मला एकदा ऐकवले, "तुम्ही लिहिता 'सुमारे नऊ'. यंत्र नऊ पूर्णांक तीन छापतं. दशांश खोटा कसा असेल?"

*

मी रजेवर असताना तालमीतल्या एका पैलवानाची नळी सकाळपासून उभी राहिली. पेशी तळाशी बसल्या. नळी हलवण्याचे कष्ट न घेता कोणीतरी वरवरचे पाणीदार रक्तच यंत्राला पाजले. आकडा आला पाच. पैलवानाला खाटेवर आडवे केले.

दुसऱ्या दिवशी त्याचे वस्ताद मला म्हणाले, "बाई, काल जिना चढताना ह्यानंच मला पाठीवर घेतलंतं. पाच म्हंजे मानूस उभा तरी ऱ्हाईल का?"

नवे रक्त घेऊन मी नळी दहा वेळा हळुवार उलटीसुलटी केली. आकडा पंधरा.

डॉक्टर म्हणाले, "मशीन सुधारलं वाटतं."

*

मुरगूडची एक बाळंतीण होती. बाळंतपणात रक्त फार गेलेले, ओठ पांढरे. यंत्राने अकरा छापले आणि डॉक्टरांनी तिला घरी सोडण्याचा कागद केला.

मी नळी उजेडात धरली. पेशींवरचे पाणी रक्तातल्या चरबीने दुधासारखे गढूळ. प्रकाश त्या चरबीनेही अडवला होता, आणि यंत्राने तोही हिमोग्लोबिनच्या खात्यात जमा केला होता. ते पाणी काढून मी तेवढेच मिठाचे पाणी घातले, नळी नीट हलवली, यंत्राला पुन्हा दिली. आकडा सात. दोन्ही कागद घेऊन मी वॉर्डात गेले.

"पहिला रिपोर्ट फाईलला लागला, बाई," डॉक्टर म्हणाले. "अकराला बाटली देत नाहीत."

बाळंतिणीची सासू खाटेपाशी उभी होती. तिने सुनेच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून डॉक्टरांना दाखवली. आत कागदासारखे पांढरे.

"सायेब, अकरा त्या मशीनचं हाय न्हवं? मग ते मशीनच घाला आमच्या टेंपोत. सून ऱ्हाऊ दे हितं."

डॉक्टरांनी खिशातले पेन काढले आणि दोन बाटल्या लिहिल्या.